रिमोट तुमच्या हातात

“रिमोट तुमच्या हातात. नको वाटलं की बंद करा,” असं म्हणून बाई खुर्ची सोडून खाली सतरंजीवर बसायच्या. टीव्हीसाठी माहितीपट करणाऱ्या आमच्या बाईंची ही रीतच होती. फिल्म चॅनेलला द्यायच्या आधी, त्यात जो बोललाय त्याच्या घरी जायचं आणि त्याच्याच टीव्हीवर त्याला ती दाखवायची.

मी त्यांची निवेदनं लिहायचे. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि हे मी कुठेही ताठ मानेने सांगते. मी शाळेत असताना एका बंदच्या दिवशी कळव्यात बंदवाल्यांनी बाबांची रिक्षा पेटवली. बाबा सीट विझवायला गेले आणि दोन्ही तळहात भाजून घेतले. पेपरात आलं, ‘संतप्त कार्यकर्त्यांनी रिक्षा जाळली.’ बाबांचं नाव कुठेच नाही. आई लोकांना पोळ्या लाटून द्यायला लागली, मी पोचवायला. त्याच पोळ्यांवर मी बी.ए. झाले.

नोकरीच्या मुलाखतीत हे सांगितलं, तर बाई कामाचं विचारायचंच विसरल्या. “बॉम्ब ठेवणारा दहशतवादी आणि रिक्षा जाळणारा नुसता संतप्त? लोकांना घाबरवायचं तर दोघांनाही असतं ना गं?”

हाच प्रश्न त्यांनी पुढे फिल्म्समधून विचारला. टीव्हीवर असले प्रश्न विचारणाऱ्यांवर तुम्हीही घरात बसून ओरडला असाल. बाईंना सगळ्याच पक्षांच्या लोकांचे फोन यायचे. शिव्या संपल्या की त्या विचारायच्या, “जेवलात का?” एकदा मानपाड्याला जाताना रिक्षावाला म्हणाला, “काल टीव्हीवर ती बाई बघितली का? बॉम्बवाल्यांना आणि आपल्या पोरांना एकाच मापात मोजते. डोकं फिरलंय तिचं.”

“हो ना, घरचेपण तेच म्हणतात,” बाई म्हणाल्या. उतरल्यावर त्याने नीट पाहिलं आणि जीभ चावली. बाई त्यालाच म्हणाल्या, “हेच कॅमेऱ्यासमोर बोलशील?” तो बोलला, आणि बाईंनी ते फिल्ममध्ये ठेवलंही.

बाबा मात्र बोलायला तयार नव्हते. कारण रिक्षा पेटवणारा आमच्याच चाळीत, दोन घरं सोडून राहतो. आता वाढदिवसाला त्याचे बॅनर लागतात. बाईंनी आग्रह केला नाही. अधूनमधून चहाला यायच्या, एवढंच. एक दिवस बाबाच म्हणाले, “लावा तुमचा कॅमेरा.”

त्याचं नाव न घेता बाबा एवढंच बोलले, “जाळणारा मला ओळखत होता. ‘काका, बाजूला व्हा’ म्हणाला आणि पेटवली.”

मग फिल्म दाखवायला बाई आमच्या घरी आल्या. रिमोट बाबांच्या हातात. पडद्यावर बाबा आले, पण चेहऱ्याच्या जागी धुरकट ठिपके. बाबांनी तिथेच थांबवलं.

“बाई, माझं तोंड का पुसलंत?”

“भाऊ, तो इथेच राहतो. तुम्हाला त्रास नको म्हणून.”

“तोंड चोराचं झाकतात. तो चाळीत उघड्या तोंडाने फिरतो, आणि मी झाकू?”

“अहो, जरा विचार करा,” आई म्हणाली.

“इतकी वर्षं तेच केलं.”

बाईंनी बाबांच्या तळहातांकडे पाहिलं. “चुकलं माझं,” म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “अगं, खाली नावपण लिही. पूर्ण.”

फिल्म लागायच्या आधीच बाई गेल्या. हृदयाचं दुखणं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. फिल्म लागली त्या संध्याकाळी आईने सतरंजी अंथरली, पण तिच्यावर कोणी बसलं नाही.

पडद्यावर बाबा आले. उघडा चेहरा, खाली मी लिहिलेलं त्यांचं पूर्ण नाव आणि ‘रिक्षाचालक, कळवा’.

बाबांनी रिमोट उचलला. मला वाटलं, बंद करतायत. त्यांनी फक्त आमच्या टीव्हीचा आवाज बारीक केला.

दोन घरं पलीकडे, त्याच्या टीव्हीतून, बाबांचंच बोलणं ऐकू येत होतं. पूर्ण. एक शब्दही न कापलेलं.