अमावास्येला घेतलेली माघार

हा गुन्हा विसरायचा मी बराच प्रयत्न केला. निवृत्तीनंतर नाशकात द्वारका चौकाजवळ राहायला आलो. इथल्या हॉर्नच्या गोंगाटात माणूस स्वतःचं नावही विसरेल, पण ही केस काही डोक्यातून जात नाही. आरोपी सापडले होते, तरीही.

तेव्हा मी जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगराळ भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत एक धरण. धरण भरलं तेव्हा टेकडीवरचा एक पाडा चारही बाजूंनी पाण्यात उरला. पन्नासेक घरं. ग्रामपंचायतीच्या कागदावर तो एक प्रभाग, लोकांच्या तोंडी मात्र बेट. जायला-यायला वल्ह्याच्या दोन नावा. बेटाची जागा दर वेळी काठावरच्या गावातला कोणीतरी पटकावायचा आणि निवडून आल्यावर बेटाकडे फिरकायचाही नाही. त्या वर्षी बेटावरच्याच एका बाईने अर्ज भरला. ती शाळेत खिचडी शिजवायची. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला इंजिनाची होडी हवी, एवढंच तिचं मागणं होतं.

माघारीची मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती ठाण्यात आली.

"साहेब, माझं नाव काढून टाकलं. म्हनत्यात, मीच काल तहसीलला येऊन सही केली. मी तर पाड्यावरच व्हते. काल आवस व्हती."

तहसीलमधून मागवलेल्या माघारीच्या अर्जाच्या प्रतीवर शेरा होता : 'उमेदवार समक्ष हजर, स्वखुशीने माघार.' खाली सही, शिक्का. मी कागद पाहिला, बाईकडे पाहिलं आणि कागदावर विश्वास ठेवला. अमावास्येचं मला भुताखेताचं काहीतरी वाटलं, म्हणून तक्रारीत लिहूनही घेतलं नाही. "ही निवडणुकीची बाब आहे बाई, कोर्टात जा," म्हणालो. तिच्या तक्रारीची नुसती पोच दिली.

त्याच आठवड्यात ठाण्यात एक निनावी फोन आला. बेटावरचे लोक मतदानाच्या दिवशी राडा करणार आहेत. ही खबर मात्र मी तत्परतेने स्टेशन डायरीला घेतली आणि तिच्या नवऱ्याला प्रतिबंधक नोटीस बजावली. समोर उभ्या बाईवर विश्वास नाही, आणि नाव न सांगणाऱ्या फोनवर आहे! राडा काही झाला नाही. काठावरच्या गावातल्या एका पुढाऱ्याचा चुलतभाऊ बेटाच्या जागेवर बिनविरोध निवडून आला.

निकालानंतरही बाई तीनदा आली. वकिलाने तिला बजावलं होतं, निवडणुकीला आव्हान द्यायला निकालापासून पंधराच दिवस असतात, पोलिसांचा काहीतरी कागद आणा. मी दर वेळी म्हणालो, "चौकशी चालू आहे." चालू कसली, फाईल कपाटात होती.

पुढे तिच्या तक्रारीबद्दल वरिष्ठांकडून स्मरणपत्र आलं तेव्हा मी तिचा जबाब घ्यायला बेटावर निघालो. काठावर दोन्ही नावा उपड्या घातलेल्या. म्हातारा नावाडी जाळं विणत बसला होता.

"बाबा, नाव काढा."

"आज नाय जमायचं साहेब. आवस हाय. आवशीला आमची नाव पान्यात पडत नाय."

"सरकारी काम आहे!"

"मामलेदार आला तरी नाय. पान्याचाबी एक दिस असतो. आमचा बाप मेला तवा दुसऱ्या दिशी नेला."

मी चिडलो, दमही दिला. म्हातारा जाळ्यावरून नजर उचलेना. आणि तिथेच उभ्या उभ्या मला महिन्यापूर्वीची ती सकाळ आठवली. काल आवस व्हती. बाई भुताचं बोलत नव्हती, पुरावा देत होती! पंधरा दिवसांची मुदत संपून तेव्हा दोन दिवस झाले होते.

मग वरातीमागून घोडं धावलं. दुसऱ्या दिवशी बेटावर जाऊन शाळेची नोंदवही पंचांसमक्ष जप्त केली. माघारीच्या दिवशी खिचडीच्या रकान्यात तिची सही होती. गुरुजी बेटावरच राहायचे, त्यांनी जबाब दिला. प्रथा कोर्टात किती टिकेल सांगता येत नाही, नोंदवही टिकते.

तहसीलमधल्या निवडणूक कारकुनाला बोलावलं. आवाज चढवला नाही, चहा मागवला.

"भाऊसाहेब, बाई किती वाजता आली?"

"पावणेतीनला. धापा टाकत आली हो. म्हणाली, नाव उशिरा लागली."

खरं बोलणारा विचारलं तेवढंच सांगतो. खोटं बोलणाऱ्याला वरची फोडणी घातल्याशिवाय चैन पडत नाही. मी नोंदवही आणि नावाड्याचा जबाब त्याच्यापुढे ठेवला. चहा तसाच राहिला. अर्ध्या तासात त्याने सगळं सांगितलं. पुढाऱ्याने काठावरची एक बाई पदर ओढून उभी केली, तिने सही ठोकली, अधिकाऱ्याने मान वर न करता शिक्का मारला. पुढाऱ्याला बेटाची प्रथा पक्की ठाऊक होती. त्या दिवशी उमेदवार तहसीलला येऊन बोंब मारू शकणार नाही, हाच त्याचा डाव.

कारकुनावर आणि त्या तोतया बाईवर दोषारोपपत्र गेलं. पुढाऱ्याला अटकपूर्व जामीन मिळाला, पुढे पुराव्याअभावी त्याचं नाव गळलं. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. मी मोठ्या तोऱ्यात बेटावर सांगायला गेलो. बाई शाळेच्या चुलीपाशी होती.

"बाई, चोर पकडले."

"माझं नाव लागंल का आता?"

"नाही. मुदत गेली."

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "मंग तुमी पकडलं काय, साहेब?"

साधी सायकल चोरीला गेली तर ती सापडल्यावर आम्ही फिर्यादीला परत देतो. तिचं चोरलेलं मला पाच वर्षं परत देता येणार नव्हतं, आणि ते चोरणाऱ्यांत मीही होतो. माझ्यावर मात्र कुठलं कलम लागत नाही.

लोकांचा शासनावर विश्वास नाही, असं आम्ही अधिकारी फार सहज म्हणतो. बेटावर तो होता. म्हणून तर ती बाई दुसऱ्याच दिवशी, सकाळच्या पहिल्या नावेने ठाण्यात आली होती. तो संपवायला मला एक महिना पुरला.

पाच वर्षांनी पुन्हा निवडणूक लागली. बेटावरून एकही अर्ज आला नाही. ठाण्याच्या अहवालात लिहिलं होतं : प्रभाग शांत, जागा बिनविरोध.