चढावरच्या घरांना कुणी विचारलं?

चढावरच्या शेवटच्या गल्लीत कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या बाईला सगळे तोफ म्हणतात, तोंडावर काकू. नवरा गेल्यावर दुकान तिने एकटीने उभं केलं. डाग राहिला म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ती कपडा उजेडात धरून दाखवायला लावते. तिच्या गल्लीपर्यंत नळाचं पाणी चढत नाही, दुकान टँकरवर चालतं.

तो टँकर बंद होणार, असं पाणी कार्यालयाच्या फलकावर लागलं. पाहणीत बहुतेक घरांनी पाणी पुरेसं असल्याचं सांगितलं होतं. तोफेचं डोकं फिरलं.

"मला विचारलं की," चढाच्या पायथ्याशी राहणारी तिची जाऊ म्हणाली. "पुरेसं येतं म्हटलं. आमच्याकडे येतं, खोटं सांगू?"

तोफ ओल्या हातांनीच कार्यालयात गेली. पाहणी करणारी मुलगी साहेबांशेजारीच बसली होती.

"वेळ कमी होता, काकू. खालची दारं उघडी दिसली, तिथे विचारलं."

"म्हणजे तुझे पाय दुखतात म्हणून माझं दुकान बुडवायचं?"

"शेकडा नव्वद लोक समाधानी आहेत, बाई," साहेब म्हणाले.

"चढ चढला असतात तर कळलं असतं किती समाधानी आहेत ते."

साहेबांनी मुलीकडे पाहिलं. ती खाली मान घालून म्हणाली, "चूक माझी आहे, सर. प्रत्येक गल्लीतल्या घरांच्या चिठ्ठ्या वेगळ्या टाकू, निघेल त्याच घरी जाऊ. आणि 'पुरेसं का' नको विचारायला. ते ज्याचं त्याला वाटतं. नळाच्या किती बादल्या भरतात, ते विचारू."

चिठ्ठ्या सर्वांसमोर काढल्या. तोफेच्या गल्लीतून शेजारणीचं घर निघालं, आणखीही काही निघाली. तोफेचं नाही.

"भांडले मी, आणि विचारणार तिला? ती माझ्याशी बोलतसुद्धा नाही. काढ अजून एक."

"मग तेही सोयीचंच झालं, काकू. तेव्हा दारं मी निवडली, आता तुम्ही निवडताय."

जाऊ तोंडाला पदर लावून हसली. तोफेने तिच्याकडे पाहिलं तशी जाऊ मागे सरकली.

मुलगी चढ चढून आली, तोफेच्या दारावरून पुढे गेली आणि शेजारणीच्या उंबऱ्याशी थांबली. तोफ इस्त्री थांबवून ऐकू लागली.

"नळाची? एकही बादली नाही. टँकर आहे म्हणून जगतोय."

गल्लीतल्या निघालेल्या प्रत्येक घराने तेच सांगितलं. फलकावरची सूचना उतरली, टँकर राहिला. गल्ली शेजारणीचे आभार मानत होती.

"हेच सांगायला माझी काय जीभ झडली होती?" तोफ पुढ्यातल्या शर्टाला म्हणाली आणि त्याच्या कॉलरवर इस्त्री दाणकन आपटली.