समोरच्याला उपाशी ठेवून

“आधी तू घे,” असं म्हणत ती उकडलेल्या अंड्याचे दोऱ्याने दोन भाग करायची आणि त्यातला मोठा माझ्या हातावर ठेवायची. मी नको म्हटलं की ताट बाजूला सारायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. फरक इतकाच, की त्यांना जेवताना बघत बसण्याचा तुम्हाला पगार मिळाला नसेल.

मला मिळत होता. रोह्याच्या एका दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांवर अभ्यास चालला होता. खाल्लेल्या प्रथिनांतलं शरीर किती ठेवून घेतं, किती बाहेर टाकतं, आणि जास्त प्रथिनं दिली तर पायांत ताकद येते का, हे बघायचं होतं. तोलून दिलेलं जेवण त्यांनी माझ्यासमोर संपवायचं, दिवसभराची लघवी कॅनमध्ये साठवायची, आणि तो कॅन मी मोटरसायकलला बांधून रोह्याला न्यायचा. माझ्या नशिबी गडब गावची ही आजी आली.

आजीला अभ्यासाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला जमिनीवरून हाताचा आधार न घेता उठायचं होतं. आदल्या पावसाळ्यातल्या तापाने तिचे पाय गळाले होते. पनवेलच्या मुलाने सांगून ठेवलं होतं, की शिमग्यापर्यंत आपली आपण उठायला लागलीस तर इथे राहा, नाहीतर घराला कुलूप लाव आणि माझ्याकडे चल. “तिथं दिवसभर काय करू रे? खिडकीतनं खाली बघू?” असं मला विचारायची, आणि विचारता विचारता ताकदीचं अंडं मलाच द्यायची.

मी चिडायचो. म्हणायचो, आजी, हे औषध समज.

“औषध हाय तर तू पण घे. दंड बघ तुझे, काटक्या नुसत्या.” आणि मग ठरलेलं, “समोर माणूस बसवून मी एकटी गिळू? घशाखाली नाय उतरत.”

शेवटी मी खायचो. रोह्याला सांगायचो, ताट रिकामं झालं. ते खोटं नव्हतं.

परिणाम असा झाला, की अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरबाई हरखून गेल्या. एवढी प्रथिनं आत जातात आणि कॅनमध्ये उतरतात जेमतेम. “हे शरीर काही वाया घालवतच नाही,” त्या म्हणाल्या. मीही मान डोलावली. माझ्या पँटचं बटण लागेनासं झालं होतं, पण तो विषय निघाला नाही.

हे नवल बघायला बाई स्वतः गडबला आल्या. आजीने त्यांना पाट दिला, दोरा घेतला आणि अंड्याचे तीन भाग केले. बाईंनी हातावरच्या तुकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या पोटाकडे.

आजीचे आकडे त्याच दिवशी बाद झाले. मी मात्र टिकलो, कारण कॅन वाहून न्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. आजीचं जेवण तेवढं बंद करू नका, अशी मी गयावया केली. बाईंनी ते चालू ठेवलं आणि मला बजावलं, की स्वतःचा डबा घेऊन जात जा. इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी समोर डबा उघडला आणि आजीने पहिल्यांदा अख्खं अंडं खाल्लं. माझ्या भाजीत मीठ कमी आहे, एवढं मात्र सांगितलंच.

शिमगा जवळ आला तशी रोह्यात सगळ्यांबरोबर आजीच्याही पायांची चाचणी झाली. हात छातीशी धरून खुर्चीतून उठायचं, बसायचं, परत उठायचं. मुलगा रजा काढून आला होता.

“उठा आजी,” बाई म्हणाल्या.

“कशाला?”

“उठता येतं का ते बघू.”

“आणि उठून?”

“परत बसायचं.”

“मग बसलेलीच हाय की मी.”

मी हात जोडले, डोळे वटारले. ती एकदा अर्धवट उठली, आणि पुढे काही काम दिसेना म्हणून बसली. तिला पनवेलला न्यायचं, हे मुलाने तिथेच ठरवून टाकलं.

निघायच्या दिवशी मी निरोप घ्यायला गेलो. बॅग दाराशी भरून ठेवलेली. वालाचं बिरडं केलं होतं. आम्ही तिघं जमिनीवर जेवायला बसलो. मुलाच्या ताटातला भात संपला, तशी आजी उठली. हात ना भुईला टेकला, ना भिंतीला. चुलीपाशी जाऊन टोप आणला आणि भात वाढून परत खाली बसली.

मी ओरडणार होतो. मुलाने माझा गुडघा दाबला.

“आई, लोणचं हाय का?” त्याने विचारलं.

ती उठली. लोणचं आलं. ती बसल्यावर त्याला मीठ हवं झालं. ती उठली. मग त्याला कांदा हवा झाला. तो जेवत नव्हता, घास हातात धरून नुसता तिच्या पायांकडे बघत होता.

“सगळं एकदम सांगता येत नाय काय रे तुला?” आजी कावली.

संध्याकाळी त्याने तिची बॅग उचलून आत ठेवली आणि एकटाच पनवेलला गेला. पुढे काही वर्षांनी आजी गेली, ती त्याच घरातून.