जपानची थंडी
काल मुलाने ट्रंक उघडली आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासासोबत माझा न पाहिलेला जपान बाहेर आला. नव्वदीच्या सुरुवातीला तिथे सॉफ्टवेअरच्या नव्या पद्धती शिकायची तीन महिन्यांची फेलोशिप होती. माझं नाव राखीव यादीत पहिलं, म्हणजे निवडलेला माणूस आजारी पडला तरच माझा नंबर. घरी सांगताना मी ‘राखीव’ तेवढं गाळलं. माझ्या वडिलांनी, आबांनी, जळगावला लोकरी कोट शिवून घेतला, आमच्या गावी असोद्यात शाल-नारळ देऊन सत्कार झाला, आणि भर उन्हाळ्यात तो कोट घालून मी घामाघूम एसटीत चढलो. मुंबईत कळलं, निवड झालेला माणूस ठणठणीत होता आणि विमानात बसलाही होता. तोंड लपवायला मी धुळ्याला थोरल्या बहिणीकडे गेलो. तिने कळवलं असावं. आठव्या दिवशी आबा केळी घेऊन आले. रागावले नाहीत. निघताना खाली बघत एवढंच म्हणाले, “आता लगेच गावात नको येऊ भाऊ. कोर्स तीन महिन्यांचा हाये ना?” तेवढे महिने मी धुळ्यातच काढले. परतल्यावर पारावर, सगळ्यांसमोर, त्यांनीच विचारलं, “तिकडं थंडी कशी होती रे?” मी म्हणालो, “लई.” आबा शेवटपर्यंत ती थंडी लोकांना सांगत राहिले. काल मुलाने कोट झटकत तेच विचारलं. आता आबा नाहीत, खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, “लई.”