आरशावरची टिकली
माझं अक्षर किरटं आहे, काना-मात्रा चुकतील, चौथीच शिकले मी, तेवढं सांभाळून घ्या. आज आरशावर लेकीची टिकली दिसली आणि अमरावतीतली ती सकाळ आठवली. लेकीला तिथल्या एका खासगी शाळेत पहिलीला घालायचंच, असा माझा हट्ट होता. प्रवेशासाठी आम्ही शाळेच्या व्हरांड्यात, फिनाईलच्या वासात बाकावर बसलो होतो. माझ्या शाळेत रोज सरस्वतीला फूल वाहायचे, इथं भिंतीवर एकाही देवाचा फोटो नव्हता. शाळा दुसऱ्या धर्माची असेल, पोरीला परत पाठवतील, या भीतीनं मी तिची टिकली काढून माझ्या बांगडीला चिकटवली. शेजारी बुरख्यातल्या बाईनं आपल्या मुलीचा तावीज काढून मुठीत दाबला. मी हळूच विचारलं, "कोणाची शाळा हाये व बाई?" ती म्हणाली, "मैं तो समझी, तुम लोगों की है." तेवढ्यात मोठ्या बाई दारात आल्या. त्यांनी पोरीच्या कपाळावरचा गोल डाग पाहिला, मग माझी बांगडी. मी हात पदराआड नेला. "काहून काढली?" त्या म्हणाल्या. "आमी शिक्षकांनीच काढलेली शाळा आहे. सरकारचा पैसा घेत नाही, कोणाचा धर्म शिकवत नाही. फी भरा अन् दोघींले पाठवा आत." मी घाईत टिकली लावली, ती वाकडीच बसली, आणि पोरगी तशीच वर्गात गेली. आजची टिकली भीतीनं काढलेली नाही, कॉलेजच्या घाईत नुसती विसरलेली आहे, म्हणून मी ती तिथंच राहू दिली.