निळी हेराल्ड आणि बाकीचे आम्ही

भाजीला जावं आणि किस्सा घेऊन यावं, असं आमच्या घरी सुरू झालं ते गाडी आल्यापासून. मैत्रिणी म्हणतात, लिहून ठेव. कशाला? एक सांगून होत नाही तर दुसरा तयार असतो!

गाडी म्हणजे हेराल्ड. जुनी, दोन दारांची, आकाशी निळी. नागपूरच्या मावसदिरांच्या शेडमध्ये धूळ खात पडली होती. आमचे हे रेल्वेतून रिटायर झाले आणि तिला रायपूरला घेऊन आले. तेव्हा रायपूर नुकतंच राजधानी झालेलं. रस्तोरस्ती लाल दिव्यांच्या पांढऱ्या गाड्या. त्यात ही निळी.

पहिल्याच दिवशी सिग्नलला एक स्कूटरवाला खिडकीशी आला. "अंकल, विदेशी है?"

"नहीं भैया, मद्रास की है."

त्यानं गाडी पुढून-मागून पाहिली, मग ह्यांच्याकडे पाहिलं. "मद्रास से चला के ला रहे हो? थक गए होगे!"

सिग्नल हिरवा झाला. हे काही बोलायच्या आत तो हात जोडून निघून गेला. घरी येईस्तोवर ह्यांना खरंच थकल्यासारखं वाटून राहिलं होतं.

* * *

मग सलाम सुरू झाले. चौकातला ट्रॅफिक हवालदार हेराल्ड दिसली की बाकीची गर्दी थांबवायचा आणि कडक सॅल्यूट ठोकायचा. हेही गोंधळून सॅल्यूट करायचे. एक हात स्टिअरिंगवर, एक कपाळावर. माझा जीव मुठीत!

एक दिवस त्यानं गाडी बाजूला घ्यायला लावली. "साहब, बुरा मत मानना. आप कौन से विभाग में हैं?"

"रिटायर हूँ."

"हव, पर किस पोस्ट से?"

"रेलवे. पार्सल ऑफिस."

हवालदार हळूच म्हणाला, "तो इतने दिन मैं सलूट किसको मार रहा था?"

हे म्हणाले, "वही तो मैं भी सोच रहा था."

दुसऱ्या दिवशी सॅल्यूट नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू! ह्यांनी काच खाली केली, तर तोच म्हणाला, "साहब, आदत पड़ गई."

* * *

आमच्या रश्मीला पाहायला अमरावतीचे पाहुणे आले तेव्हाची गोष्ट. ही तिसरी वेळ. आधीचे दोघं "कळवतो" म्हणून गेले ते गेलेच. पोरगी वरून हसायची, पण रात्री जेवायची नाही. त्यामुळे मी सकाळपासून धास्तावलेली.

मुलाचे वडील फाटकातच थांबले. "अरे वा, हेराल्ड!" झालं. हे बाहेर, ते बाहेर. मुलगाही "जरा येतो" म्हणून गेला तो बोनेटमध्ये वाकला. पोहे गार झाले. मुलाची आई आणि मी एकमेकींकडे पाहून हसत होतो, दुसरं करणार काय!

रश्मी आत येऊन म्हणाली, "आई, ये लोग मुझे देखने आए हैं या इंजन को?" तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत.

चार दिवसांनी मुलाच्या वडिलांचा फोन आला. "वहिनी, आम्हाले पसंत आहे."

माझ्या तोंडून निघून गेलं, "कोण?"

पलीकडे ते खो खो हसले. लग्न झालं, छान चाललंय दोघांचं. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी आजतागायत दिलेलं नाही.

* * *

बीरगांवात गाडी बंद पडली तेव्हा फॅक्टरीची शिफ्ट सुटत होती. हां हां म्हणता ही गर्दी! कोणी बोनेटवर हात फिरवतंय, कोणी आरशात भांग पाडतंय. "भैया, जरा धक्का द्या ना," हे विनवून राहिले होते.

सगळ्यांचं पाहून झाल्यावर धक्का मिळाला. मीही उतरून लावला. गाडी फुरफुरली, सुरू झाली आणि निघाली! थांबवली तर पुन्हा बंद पडेल, म्हणून हे थांबलेच नाहीत. वळणावरून दिसेनाशीही झाली.

एका कामगारानं माझ्याकडे पाहिलं. "दीदी, आप किसके साथ हैं?"

मी रिकाम्या वळणाकडे बोट दाखवलं.

* * *

आणि हा मागच्या वर्षीचा. पुरानी बस्तीत देवदर्शन करून आलो तर गाडीपाशी एक म्हातारी उभी. पांढरं लुगडं, हातात छोटी पर्स. ह्यांनी दार उघडलं, तशी ती पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"अम्मा, कहाँ जाना है?"

"घर. और कहाँ?"

मी ह्यांच्या बाजूनं सीट वाकवून मागे शिरले. ती वळणं सांगत होती, एकही चुकली नाही. गुढ़ियारीत एका घरापुढे "बस" म्हणाली. सून धावत बाहेर आली. गाडी पाहून तिचा हात तोंडावर गेला. "बाबूजी की भी ऐसी ही थी," म्हणाली आणि तिनं फाटक उघडून धरलं.

अम्मा उतरताना ह्यांना म्हणाली, "कल आठ बजे. देर मत करना."

सकाळी पाहते तर हे दाढी करून गाडी पुसून राहिलेले.

"काहून? जाऊन राहिले का तुम्ही?"

"बोलावलं ना तिनं."

"अहो, ती आपली कोण?"

"मले काय माहीत!"

मग मीही गेले. पुढेच बसले. अम्मा दारात तयार उभी होती, केस नीट विंचरलेले, हातात तीच पर्स. ती खिडकीशी आली, वाकली, माझ्याकडे पाहिलं. कपाळाला आठ्या.

"ये कौन बैठी है?" तिनं ह्यांना विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे.

"रास्ते में मिल गईं, अम्मा."