आडोशाचं लुगडं

आत्याबाई गेल्याचं कार्ड मला परभणीला मिळालं तेव्हा तिचा दहावाही उरकला होता. तापानं गेली, एवढंच लिहिलं होतं. त्याला आता महिना झाला.

सेलूच्या एका जिनिंगात ती कापूस निवडायला जायची. सांजेला घरी आली की आधी सहाणेवर सुंठ उगाळायची, कपाळाला लेप लावायची, वरून फडकं आवळून बांधायची आणि मग चूल पेटवायची. डोकं दुखलं की आळीतल्या बायाही लेपाला येत. ती आधी विचारी, "जेवलीस का? उन्हात व्हतीस? का रडलीस?" उपाशी डोक्याला भाकरी, उन्हाच्या डोक्याला ओलं फडकं, रडलेलीला नुसतं जवळ बसवून घेई. "समद्याला एकच सुंठ कशी पुरंल?" म्हणायची. स्वतःला मात्र रोज सुंठच...

मी तेव्हा सेलूतच होतो, आरोग्याची पत्रकं काढत होतो. डोकेदुखीवर कानशिलाला डागण्या देतात, त्याविरुद्ध एक काढलं. खाली ठळक छापलं : 'अडाणीपणा सोडा. दिवसभर पाणी प्या.' मोठ्या ऐटीत तिला वाचून दाखवलं. तिनं कपाळावरचं फडकं सारखं केलं.

"पेते की बाबा. मग जायाचं कुठं, ते बी छाप."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. जिनिंगात बायांना आडोसाच नव्हता. चहूकडं गडी, गाड्या, बैल. म्हणून घर सोडल्यापासून दिवस बुडेपर्यंत, रुईच्या धुळीत, एकही बाई घोटभर पाणी पीत नसे. रांजण भरलेला असे, तो गड्यांच्या कामी येई. आणि मी त्यांनाच अडाणी छापून मोकळा झालो होतो.

मुनिमाकडे गेलो. "बायांची तक्रारच नाही," तो म्हणाला. असली तक्रार बाई पुरुषाकडे करत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नवं पत्रक काढतो, असं मी आत्याबाईला सांगितलं. "काढ. तवर आमी कापड लावताव," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सरकीच्या ढिगामागं चार बांबू रोवून तिनं आपलं हिरवं लुगडं बांधलं. मुनिमानं सोडून फेकलं. तिनं उचललं, झटकलं, पुन्हा बांधलं. असं किती दिवस चाललं... शेवटी तोच कंटाळला. पत्र्याचा आडोसा करून देतो म्हणाला. अजून दिलेला नाही.

परवा तिच्या घरी गेलो. सहाण कोरडी होती, तिच्यावर सोललेला लसूण. सून म्हणाली, "आत्याबाईचं हिरवं लुगडं कुठंच घावंना. शेजारनीनं तर न्हाई नेलं?"

"चल, दाखवतो."

जिनिंगात सरकीच्या ढिगापाशी तिला नेलं; मी लांबच उभा राहिलो. उन्हानं विटलेलं लुगडं बांबूला आत्याबाईच्याच गाठीनं बांधलेलं होतं. सुनेनं गाठीला हात घातला, तेवढ्यात आतून आवाज आला, "थांब गं, मी हाय."

सुनेनं हात काढला नाही. सैल झालेली गाठ तिनं ओढून घट्ट केली आणि रांजणाकडं पाणी प्यायला गेली.